न्यू कॉरिंथची भरभराट

५ मे १८८७, गुरुवार

आजच्या अंकात अकरा नोटिसा! पहिला अंक काढला तेव्हा एक होती, आणि ती हरवलेल्या घोड्याची. पाच वर्षांत न्यू कॉरिंथ कुठल्या कुठे आलं. उद्या हे गाव सगळ्या डकोटाची राजधानी झालं, की लोक विचारतील, 'हे कसं घडलं?' तेव्हा उत्तर तयार असावं म्हणून आजपासून ही दैनंदिनी लिहायला घेतली आहे.

पुढच्या पिढ्यांसाठी सांगून ठेवतो. सरकारने प्रत्येकाला जमीन दिली आहे. तिच्यावर पाच वर्षं राहायचं, कसायची. मग जवळच्या साप्ताहिकात सहा आठवडे नोटीस द्यायची, की 'अमुक मनुष्य आपली जमीन पक्की करून घेत आहे, त्याचे शेजारी म्हणून हे चार साक्षीदार.' त्यातल्या दोघांनी जिल्ह्याच्या कारकुनापुढे शपथेवर सांगितलं, की जमीन कायमची आपली. जवळचं साप्ताहिक म्हणजे आमचा 'दीपस्तंभ'. नोटिसा वाढतात म्हणजे माणसं मुळं धरतात. अग्रलेखात हेच लिहिलं आहे, फक्त जरा लांबवून.

माझी स्वतःचीही जमीन आहे, गावापासून तीन मैलांवर. तिथे अल्मायरा, माझी पत्नी, ढेकळांच्या घरात राहते. मी कामाच्या सोयीसाठी छापखान्यात कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपतो. संपादकाला गाव सोडून चालत नाही.

८ मे, रविवार

जेवायला घरी गेलो होतो. डुकराचं खारवलेलं मांस, मक्याची भाकर, आणि प्रश्न.

"अहो, आपली नोटीस कधी छापताय? पाच वर्षं झाली की."

मी समजावलं. रकाना तेवढाच, आणि पैसे देणारे रांगेत उभे. आपली नोटीस फुकटची, ती मागे राहणारच. शिवाय कप्तानाने जहाजात आधी आपली खाट मांडू नये.

"जहाज?" अल्मायरा म्हणाली. "इथं विहिरीला खारं पाणी लागलंय, बादलीभर गोड पाण्याला दोन मैल जावं लागतं."

तेवढ्यात शेजारीण आली, इंगेबोर्ग ट्वेट. नॉर्वेची विधवा. आपला दीर टोर्गेर याच्यासोबत शेती करते. टोर्गेर बोलत नाही, मान हलवतो. त्यांनी आमच्यासाठी पाण्याचं पिंप आणलं होतं. मी अकरा नोटिसांची बातमी दिली.

"अकरा?" बाई म्हणाल्या. "अरे देवा. एवढे चालले?"

"चालले नाहीत, बाई. राहिले! जमीन पक्की करताहेत."

"पक्की नसलेली जमीन गहाण पडत नाही, संपादक. आधी पक्की, मग गहाण, मग गाडी पूर्वेकडे. माझ्या चार शेजाऱ्यांचं असंच झालं."

टोर्गेरने मान हलवली. या लोकांना आपल्या देशात फक्त खडक आणि मासे माहीत, प्रगती बघायची सवय नाही. मला राग आला नाही, कीव आली. परतताना वाटेत त्यावर लेख सुचला.

१९ मे

लेख छापला. मथळा: 'कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही'. कोणाचं नाव घेतलं नाही. फक्त 'सेक्शन नऊमधली एक परदेशी कावळीण' असं म्हटलं. सेक्शन नऊ म्हणजे आमच्या जमिनींचा पट्टा. तिथे दुसरी परदेशी बाई नाही, पण तो माझा दोष नाही.

दुकानदार फिनीअस गॉल्ट पोट धरून हसला. संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्याच्याकडे सोंगट्यांचा डाव मांडला. तो म्हणाला, "लायसँडर, तुझी लेखणी म्हणजे चाबूक आहे रे." दोन डाव मुद्दाम हरलो.

२ जून

नोटिसा अठरा! पूर्ण दोन रकाने. त्यासाठी चर्चची बातमी आणि माझी वसंतावरची कविता काढावी लागली. आतली दोन पानं सेंट पॉलहून छापूनच येतात, त्यात शक्तिवर्धक औषधं आणि पॅरिसच्या टोप्या असतात, त्यांना हात लावता येत नाही. वसंत पुढच्या वर्षीही येईल.

'गावगप्पा' सदरात आज दिलं: 'श्री. व सौ. हॉबर्ट मुलांसह पूर्वेला नातेवाइकांच्या भेटीस गेले. सोबत स्टोव्ह आणि खिडक्या नेल्या आहेत. प्रवास सुखाचा होवो.' नातेवाइकांना खिडक्यांची अडचण असावी.

गावात सर्वांत उद्योगी माणूस सध्या स्ट्राउड. पूर्वेकडच्या कंपन्यांचे पैसे जमिनीच्या तारणावर देतो. आज अंकाच्या वीस प्रती घेतल्या आणि नोटिसांवर तिथेच पेन्सिलने खुणा केल्या. असा मन लावून वाचणारा वाचक संपादकाला जन्मात एखादाच मिळतो.

२६ जून, रविवार

आज फार विचित्र वाटलं. अल्मायराने एक टोपली परत करायला ट्वेट बाईंकडे पाठवलं. त्यांच्या ढेकळांच्या घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. आत सगळीकडे 'दीपस्तंभ'! वारा आणि भिंतीची गळती माती थांबावी म्हणून इथे बरेच जण भिंतीला वर्तमानपत्र चिकटवतात, पण इथे तर छपरापर्यंत माझाच मजकूर होता. चुलीशेजारी कावळीण.

"मी यावरच इंग्रजी शिकले," बाई म्हणाल्या. "रोज भाकरी भाजताना वाचते. आधी 'अपशकुनी' म्हणजे काय ते कळत नव्हतं. अल्मायराने सांगितलं."

मी भिंतीवरचा मजकूर बोटाने चाचपून पाहिला. शेवटी म्हणालो, "शाई उडत नाही ना?"

"नाही, चांगली आहे. धूर बसला तरी दिसतेय. कॉफी घेणार?"

घेतली. चांगली होती. वाटेत मनात आलं, माझा प्रत्येक शब्द पुन्हापुन्हा वाचणारी ही एकच व्यक्ती या जिल्ह्यात असेल. तिला वाचायला जरा चांगला मजकूर मिळायला हवा होता.

१४ जुलै

जूनच्या सुरुवातीपासून पाऊस नाही. काही लोक गव्हाची काळजी करतात. मी लिहिलं: 'यंदा पीक आखूड असल्याने कापणीचे श्रम वाचतील.' आगगाडीचा रस्ता चौदा मैलांवरच्या बर्डसॉलमधून गेला, त्यालाही तीन महिने झाले. त्यावर मी तेव्हाच लिहिलं होतं की काजळी आणि शिट्ट्या बर्डसॉललाच लखलाभ.

लोहार डेंटन आज ऑरेगनला गेला. भाता आणि ऐरण घेऊन गेला. विचारलं, "कधी परतणार?" म्हणाला, "घोड्याला नाल बसवायचा असेल तर आजच सांग."

२८ जुलै

गॉल्टचं दुकान आज गेलं. खरंच गेलं, अख्खं. खाली गोल ओंडके घातले, बैलांच्या आठ जोड्या जुंपल्या, आणि दुकान पाटीसकट डुलत बर्डसॉलच्या वाटेने चालू लागलं. गॉल्ट दारात उभा राहून हात हलवत होता. मी रस्त्याच्या कडेने बराच वेळ सोबत चाललो. सोंगट्यांचा पट त्याच्याकडेच राहिला.

अंकात लिहिलं: 'न्यू कॉरिंथचा पूर्वेकडे विस्तार'. लिहिताना मात्र हात अडला. इमारती इतक्या भक्कम की प्रवास करू शकतात, अशी एक ओळ सुचली होती, ती घातली नाही.

४ ऑगस्ट

नोटिसा दोन.

सकाळी अल्मायरा गाडी घेऊन छापखान्यात आली. रिकामा रकाना बघितला, हातमोजे काढले.

"आता जागा आहे ना?"

"आहे, पण..."

"मग लावा ते अक्षरांचे खिळे. मी बसते इथंच."

बसली. ती बसली की टळत नाही. साक्षीदार म्हणून गॉल्ट आणि डेंटन ही दोन नावं मी घातली.

"डेंटन ऑरेगनला आहे," ती म्हणाली.

"नावाला वजन आहे त्याच्या."

"असेना. उरलेली दोन माझ्या मर्जीची. ट्वेट बाई आणि टोर्गेर."

मी म्हटलं, ज्या बाईला गावभर कावळीण केलं तिला आता माझी साक्षीदार कसं करू? लोक काय म्हणतील?

अल्मायराने दारातून बाहेर पाहिलं. समोर गॉल्टच्या दुकानाचा चौकोन होता, त्यात गवत पिवळं पडलेलं. "कुठले लोक?" ती म्हणाली. नावं घातली. आपलंच नाव नोटिशीत उलटं जुळवताना कसंसंच झालं.

१ सप्टेंबर

बर्डसॉलला चालत जाऊन आलो. गॉल्टला म्हटलं, वीस तारखेला कारकुनापुढे ये, मी पाच वर्षं जमिनीवर राहिलो एवढं सांग, की झालं. त्याने माझ्यासाठी चीजचा तुकडा कापला आणि खाली बघत राहिला.

"लायसँडर, पाच वर्षं रोज संध्याकाळी तू माझ्याकडे सोंगट्या खेळत होतास. रात्री समोर छापखान्यात घोरत होतास, ते मला दुकानात ऐकू यायचं. बायबलवर हात ठेवून काय सांगू?"

"मित्र म्हणून सांग!"

"मित्र म्हणूनच येत नाही. आलो तर खरं बोलावं लागेल. तुझ्या 'दीपस्तंभा'खाली फार अंधार आहे रे बाबा."

दोन डाव खेळलो. दोन्ही हरलो, आणि या वेळी मुद्दाम नाही.

म्हणजे आता सगळं त्या ट्वेट बाईच्या जिभेवर. ती गेली विरोधात, तर जमीन गेली. अल्मायराने नांगरलेलं शेत, खणलेली विहीर, बादल्यांनी जगवलेली झाडांची ओळ, सगळं सरकारजमा. आणि पाच आठवडे माझ्याच अंकात माझीच जाहिरात चालली आहे की हा मनुष्य तिथे राहतो. घाबरलो आहे. इथे लिहायला हरकत नाही, ही दैनंदिनी काही कोणी विकत घेत नाही.

११ सप्टेंबर, रविवार

ट्वेट बाईंकडे स्वतःहून गेलो. म्हटलं, कारकून विचारेल तेव्हा फक्त 'हो' म्हणा.

"शपथ घेऊन?"

"एक 'हो' तर आहे."

"संपादक, तुम्ही आठवड्याला दोन पानं भरून लिहिता, म्हणून तुम्हाला एक शब्द छोटा वाटतो. मी शेजाऱ्यांच्या जमिनींसाठी वर्षात दोनदा शपथ घेते आणि खरं तेवढंच बोलते."

मी चुलीशेजारच्या भिंतीकडे बघायचं टाळलं. टोर्गेर बाहेर लाकडं फोडत होता. मला बघून त्याने मान हलवली, पण ती कशासाठी ते कळलं नाही.

२० सप्टेंबर, मंगळवार

झालं. सविस्तर लिहितो.

कारकून तरुण होता, पोट सुटलेला, दाढदुखीने गाल बांधलेला. त्याने आधी टोर्गेरला विचारलं, हा मनुष्य जमिनीवर राहतो का? टोर्गेरने वहिनीकडे पाहिलं आणि म्हणाला, "तिला विचारा." पाच वर्षांत मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

मग बाई उठल्या. चर्चचा काळा पोशाख. बायबलवर हात.

"हा मनुष्य पाच वर्षं या जमिनीवर राहतोय का?"

"अल्मायरा राहते," बाई म्हणाल्या. "पहिल्या हिवाळ्यापासून. विहीर आम्ही दोघींनी खणली, एक खाली, एक वर. गहू तिचा, गाय तिची. वादळात गाय गोठ्यात सापडेना, तेव्हा दोरी कमरेला बांधून गेली ती, दुसरं टोक मी धरलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. कोणतं वादळ, तेही माहीत नाही.

"ते ठीक," कारकून म्हणाला, "पण नवरा?"

मी डोळे मिटले.

"त्यांचं लग्न झालंय ना?" बाईंनी विचारलं.

"झालंय."

"मग बायको जिथं चूल पेटवते ते नवऱ्याचं घर. तो झोपतो कुठं ते बघायला मी जात नाही, मला शेतीची कामं असतात. त्यांचं दुसरं घर असलं, तर ते सांगतील की."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला कागदाचे गठ्ठे आठवले. म्हणालो, "दुसरं घर नाही."

कारकुनाला हसू आलं आणि दाढ ठणकली. म्हणाला, कायदाही हेच म्हणतो, फक्त चार पानांत. टोर्गेरने बायबलवर हात ठेवून मान हलवली, ती दुसरी साक्ष, आणि जमीन माझ्या नावे पक्की झाली. एका शेतकरीण बाईने माझ्या निवासाचा प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत सोडवला, हे मला फारसं आवडलं नाही. बाहेर आल्यावर आभार मानले.

"आभार कसले?" बाई म्हणाल्या. "मी तुमच्यासाठी एक शब्द बोलले नाही."

अल्मायरा रडत होती. तिला मी पाच वर्षांत रडताना पाहिलं नाही. पण तसं म्हटलं तर पाच वर्षांत मी तिला रविवारीच पाहत होतो.

२५ सप्टेंबर, रविवार

आनंदाची बातमी! स्ट्राउड स्वतः भेटायला आला. म्हणाला, बर्डसॉलला साप्ताहिक नाही आणि लोक आसुसलेत. जमीन गहाण टाका, उद्या पैसे, परवा छपाईचं यंत्र गाडीवर. इतर कोणी हे केलं असतं तर मी त्याला पळपुटेपणा म्हटलं असतं, पण माझी गोष्ट निराळी आहे. हे वृत्तपत्राच्या विस्तारासाठी आहे. उत्साहाच्या भरात 'दीपस्तंभाचे स्थलांतर' असा मथळा जुळवूनही ठेवला.

"तुमची सही," स्ट्राउड म्हणाला, "आणि बाईसाहेबांची. राहतं घर आहे, म्हणून दोघांची लागते. एवढंच."

कागद घेऊन घरी गेलो. अल्मायराने पिठाचे हात पुसले आणि उभ्यानेच सगळा वाचला, खालची बारीक अक्षरंसुद्धा. माझे सगळे अग्रलेख मिळून तिने इतक्या लक्षाने वाचले नसतील. मग घडी घालून माझ्या हातात दिला.

"नाही."

"अगं, बर्डसॉलला खरं घर घेऊ. लाकडी! खिडक्यांचं!"

"अहो, शपथेवर लिहिलं गेलंय. इथं मी राहते, म्हणून हे तुमचं घर आहे. मी सही करून उठले, तर तुमचं घर कुठं राहिलं?"

मी म्हटलं, जमीन माझ्या नावावर आहे. आवाज चढला होता.

"नावावर आहे ना? छान. नाव तुमचं, चूल माझी. जेवून जाणार की तसेच?"

तसाच निघालो. भूक लागली होती.

२९ सप्टेंबर

अंक काढला नाही. पहिल्यांदाच. नोटिसा शून्य. स्ट्राउडही घोडागाडीने गेला. जाताना म्हणाला, इथे आता गहाण घेण्यासारखं काही नाही. रस्त्यावर माझा छापखाना, घोड्यांची रिकामी पडवी आणि चर्चच्या पायाचे दगड. चर्च सोमवारी गेलं.

जुने अंक चाळत बसलो. हॉबर्ट, डेंटन, बेकरीवाला म्युलर, हार्कनेस भाऊ. प्रत्येक नोटीस मी स्वतःच्या हाताने जुळवली, एकेक खिळा उलटा बघून. सहा-सहा आठवडे ही माणसं मला सांगत होती की आम्ही निघालो, आणि मी त्यांचं अभिनंदन छापत होतो. फार एकटं वाटतंय. लिहूनच टाकतो: मला घरी जायचं आहे, पण रविवारला अजून अवकाश आहे.

१ ऑक्टोबर, शनिवार

रविवारची वाट बघावी लागली नाही. सकाळी टोर्गेर बैलगाडी घेऊन दाराशी, शेजारी अल्मायरा.

"आज वारा नाही," ती म्हणाली. "यंत्र आजच हलवलेलं बरं."

"कुठे?"

"घरी. दुसरं कुठं आहे का?"

मी खिळ्यांच्या पेट्या उचलू लागलो. टोर्गेरने यंत्र एकट्याने कलतं केलं. निघताना दाराला कुलूप लावलं, मग विचार केला आणि कुलूपही काढून घेतलं.

९ ऑक्टोबर, रविवार

आठ दिवस इथेच आहे. पाण्याचं पिंप आणणं आता माझ्याकडे. दोन मैल जरा जास्तच आहेत, यावर लिहायला हवं होतं.

थंडी येण्याआधी घराच्या भिंती बुजवायच्या म्हणून अल्मायराने जुने अंक मागितले. पिठाची खळ केली. आम्ही दोघांनी मिळून चिकटवले. मी 'पूर्वेकडचा विस्तार' पलंगाखाली जाईल अशा बेताने लावत होतो, पण तिने तो उचलून खाटेच्या उशाशी लावला. "लपवू नका," म्हणाली, "मला यात गॉल्टचं दुकान चालताना दिसतं." नोटिसांची पानं दाराजवळ आली. ती खळीचा हात फिरवताना एकेक नाव मोठ्याने वाचत होती. म्युलरच्या नावाशी थांबली. "त्याचा राय-पाव," म्हणाली. मला हुंदका आला, तो मी धुरावर ढकलला. चुलीत तेव्हा विस्तव नव्हता. तिने खळीचं भांडं फक्त माझ्याकडे सरकवलं.

तीन भिंती पुऱ्या झाल्या, मग जुने अंक संपले.

दुपारी ट्वेट बाई आल्या. भिंती बघितल्या, आमच्याही चुलीजवळ आलेली कावळीण बघितली, मान डोलावली. मग कोपऱ्यातल्या यंत्राकडे वळून म्हणाल्या, "संपादक, पुढचा अंक कधी?"

मी चकित झालो. म्हटलं, गाव उरलं नाही, नोटिसा नाहीत, गावगप्पा नाहीत.

"आम्ही आहोत की. अल्मायराची उत्तरेकडची भिंत उघडी आहे, माझ्याकडे टोर्गेरच्या खोलीत वारा येतो. बर्फाच्या आधी निघेल ना? जाड काढा. आणि दोन्ही बाजूंनी छापलं नाही तरी चालेल."

"लवकर काढा हो," अल्मायरासुद्धा म्हणाली.

या क्षेत्रात मला पाच वर्षं झाली. वाचकांनी स्वतःहून, घरी येऊन, पुढच्या अंकासाठी असा तगादा लावल्याचं मला आठवत नाही. सगळी वस्ती वर्गणीदार, एकही घर सुटलेलं नाही. हे तर सेंट पॉलच्या मोठमोठ्या पत्रांनाही जमलेलं नाही. उद्या सकाळी पाणी आणलं की अग्रलेखाला बसतो.